८३ टेस्टचं फुल बॉडी पॅकेज केलं, पण 'आ करा' असं कुणीच म्हणालं नाही

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचात अडीच. त्यातले दोन मॅमोग्राफीवाल्या ताईंचे आणि अर्धा उपम्याचा.

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आता दर दोन सिग्नलला असं एक डायग्नोस्टिक सेंटर झालंय आणि सगळ्यांची पॅकेजेस थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, तेव्हा तुम्ही कुठेही गेलात तरी हे वाचून जा. मी ४६, नवरा ५२. यावर्षी माझ्या मावसबहिणीचं ब्रेस्टचं ऑपरेशन झालं, घरात सगळ्याच बायका धसकल्या आणि मीही त्याच धसक्यात एका रविवारी रात्री मोबाईलवर 'कपल फुल बॉडी विथ कॅन्सर स्क्रीनिंग, ८३ टेस्ट' असं काहीतरी बुक करून टाकलं. दोघांचे मिळून साडेनऊ हजार. नवरा म्हणाला, एवढ्या टेस्ट, म्हणजे टेस्टमागे साठ रुपये सुद्धा पडत नाहीत, स्वस्तच आहे. तो अकाउंट्समध्ये आहे, त्याला सगळं असंच दिसतं.

पण मग मी ते ८३ मोजायला बसले. करू नका हा उद्योग, राग येतो. सीबीसी, म्हणजे आपलं साधं रक्त, ते एकटंच चोवीस टेस्ट. हिमोग्लोबिन एक, पांढऱ्या पेशी एक, मग त्या पांढऱ्यातले प्रकार टक्क्यात वेगळे आणि आकड्यात परत वेगळे. लघवी चौदा टेस्ट, त्यात 'रंग' ही एक टेस्ट आणि 'पारदर्शकता' ही दुसरी. कोलेस्टेरॉलच्या नऊ, पण त्यातल्या तीन-चार म्हणजे नुसते भागाकार, हा आकडा भागिले तो आकडा. म्हणजे मशीनने गणित केलं की आमच्या पॅकेजात एक टेस्ट वाढली. खरं बघायला गेलं तर दोन-तीन ट्यूब रक्त, एक बाटली लघवी, ईसीजी, एक्सरे, सोनोग्राफी, माझी मॅमोग्राफी (ब्रेस्टचा एक्सरे) आणि पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी), त्याची टीएमटी. (टीएमटी म्हटलं की ठाणेकराला बसच आठवते, सासूबाईंनी खरंच विचारलं, तिकडे जायला टीएमटी आहे तर तपासायची काय त्यात. ही हृदयासाठी पट्ट्यावर पळवतात ती.)

तर शनिवारी सकाळी साडेसातला उपाशीपोटी पोचलो. पहिला मजला, लिफ्ट बंद, म्हणून जिना चढून गेलो आणि मी धापा टाकतच खुर्चीत बसले तर एका मुलीने लगेच दंडाला पट्टा गुंडाळला आणि बीपी घेता घेताच मला आधार नंबर विचारत होती. आलं १५८/९४. तिने ते लिहून घेतलं आणि 'नेक्स्ट'. आता बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, आणि बोलायचं नसतं, हे मला आमच्या फॅमिली डॉक्टरांमुळे माहितीय, म्हणून मी म्हटलं जरा वेळाने परत घ्या ना. 'मॅम एकदाच घेतात.' नंतर घरी चार दिवस रोज घेतलं, १३२/८४ च्या आसपास. म्हणजे अगदी आदर्श नाही, लक्ष ठेवायला हवंय, पण १५८ नक्कीच नाही. रिपोर्टात मात्र मी कायमची हायपरटेन्सिव्ह.

आणि मूळ घोळ म्हणजे माझी पाळी त्याच्या आदल्या दिवशी सुरू झाली होती. बुकिंगनंतर चार वेळा फोन आले होते, लोकेशन कळलं का, पेमेंट झालं का, ॲड-ऑन व्हिटॅमिन पॅनल घेणार का, पण पाळीची तारीख काय हे एकाही मुलीने विचारलं नाही. पॅप स्मिअर पाळीत करत नाहीत, रक्तामुळे पेशी नीट दिसत नाहीत, आणि आधीचे दोन दिवस संबंध, औषधी क्रीम वगैरे टाळायचं असतं. मॅमोग्राफीही पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात केलेली बरी, कारण तेव्हा छाती कमी दुखरी असते. हे सगळं मला कधी कळलं, तर हिरवा गाऊन घालून आत गेल्यावर.

तिथे त्या ताई भेटल्या. पन्नाशीच्या, केसांना भरपूर तेल, गळ्यात रेडिएशनचा डोझ मोजायचा बॅज. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, पाळी कधी झाली? मी सांगितलं तर म्हणाल्या, अगं मग आज दुखेल तुला, पुढच्या आठवड्यात ये की, मी सांगते काउंटरला. पण मला परत शनिवार मिळायला महिना गेला असता म्हणून म्हटलं करून टाका. मग त्यांनी विचारलं डिओ मारलायस का? मारला होता. त्यांनी ओले वाइप्स दिले आणि काखेतलं सगळं नीट पुसायला लावलं, कारण डिओ-पावडरचे कण फोटोत पांढरे ठिपके बनून दिसतात आणि कॅल्शियमचे बारीक ठिपके हीच तर बघायची गोष्ट असते. हे एक वाक्य बुकिंगच्या मेसेजमध्ये टाकायला काय जातं?

ज्यांनी कधी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीनसमोर उभं राहायचं, एक बाजू खालच्या प्लेटवर ठेवायची, ती प्लेट थंडगार, आणि वरून दुसरी पारदर्शक प्लेट येऊन दाबते. पोळपाटावर कणकेचा गोळा दाबावा तसं. ताई म्हणाल्या, जितकं सपाट तितकं आतलं स्वच्छ दिसतं आणि रेडिएशनही कमी लागतं, आता श्वास धर. सात-आठ सेकंद असतील, सुटलं. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका काखेकडून, म्हणजे एकूण चार वेळा. दुखलं, नाही असं नाही, डोळ्यात पाणी आलं एकदा, पण प्रत्येक वेळी त्या 'आता दाबतेय हं' असं सांगून दाबत होत्या आणि फोटो निघाला की लगेच सोडत होत्या. ही बाई नसती तर मी पाचात अर्धाच दिला असता.

मग उपमा. कूपन होतं. गरम होता, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. साडेअकरापर्यंत उपाशी ठेवल्यावर कुठलाही उपमा चांगलाच लागणार, पण खरंच चांगला होता.

रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ. ३१ पानं. आणि इथून खरा त्रास सुरू. त्यात नॉर्मलच्या बाहेरचा प्रत्येक आकडा लाल आणि ठळक, शेजारी बाण. माझे नऊ लाल होते. त्यातला एक ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात तो 'सीए १२५ : ५२', नॉर्मल ३५ पर्यंत, आणि वर हेडिंग काय तर 'कॅन्सर मार्कर्स'. शनिवारी रात्री साडेनऊला माणसाला असा कागद पाठवायचा आणि फोन लावला तर 'आमची वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात'. ती रात्र आणि पुढचे पंधरा दिवस मी काय काय वाचलं ते सांगत नाही. पोट फुगतंय, हो फुगतंय. लवकर पोट भरतंय, हो तेही. लघवीला सारखी जातेय, अहो पाणी जास्त पीत होते म्हणून जातेय, पण तेव्हा डोकं चालत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्याकडे बघून रडू यायचं.

पॅकेजमध्ये 'फ्री डॉक्टर कन्सल्टेशन' होतं ते सोमवारी फोनवर झालं, चार मिनिटं. डॉक्टर म्हणाले, व्हिटॅमिन डी कमी आहे, गोळी घ्या, सीए १२५ साठी गायनॅकला दाखवा, आणि पोटाचा सीटी करून घेतला तर बरं, आमच्याकडे डिस्काउंट आहे. त्यानंतर आहारतज्ज्ञ म्हणून एका मुलीचा फोन, ती प्रोटीन पावडर विकत होती.

आमच्या गायनॅक बाहेरगावी, त्या पंधरा दिवसांनी आल्या. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलेली, तरुणपणी परळला टाटात काही वर्षं काढलेली बाई. पीडीएफ त्यांनी अंगठ्याने सरकवत बघितली आणि विचारलं, रक्त दिलंस तेव्हा पाळीचा कितवा दिवस? दुसरा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, हा मार्कर पाळीत वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, एंडोमेट्रिओसिसने वाढतो, गरोदरपणात वाढतो, लिव्हरच्या आजारात वाढतो, आणि ओव्हरीच्या कॅन्सरची अगदी सुरुवात असेल तेव्हा निम्म्या बायकांमध्ये वाढतच नाही. मग तुझ्यासारख्या काही त्रास नसलेल्या बाईत तो करून काय मिळालं? ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांमध्ये वर्षानुवर्षं हे करून बघितलं, एका गटात सीए १२५ आणि लागेल तशी सोनोग्राफी, एका गटात नुसतीच सोनोग्राफी, एका गटात काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला, ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. ज्याचं निदान झालंय आणि ट्रीटमेंट चालू आहे त्याच्यात हा मार्कर कामाचा, औषध लागू पडतंय का ते कळतं. चेकअपमध्ये तो फक्त झोप घालवतो. त्यांनी मला तपासलं, सोनोग्राफी परत केली, एक छोटा फायब्रॉइड आहे, ओव्हरी व्यवस्थित. पाळी संपल्यावर सीए १२५ माझ्याच हट्टामुळे परत केला, २६ आला. पेढे वाटायचे बाकी ठेवले होते मी.

आणि त्या नऊ लालचं काय, तर त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. नॉर्मल रेंज म्हणजे धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात तो पट्टा. म्हणजे प्रत्येक टेस्टमध्ये शंभरातली पाच चांगली माणसं उगाचच बाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर काहीही न झालेल्या माणसाचा निदान एक तरी आकडा बाहेर यायची शक्यता ६४ टक्के. माझ्या अकाउंटंटने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर आहे. मग ८३ मध्ये नऊ लाल म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

पॅकेजमधलं कामाचं काय निघालं तेही सांगायला हवं, नाहीतर मी नुसती कटकट करतेय असं वाटेल. मॅमोग्राफी कामाची. रिपोर्ट बायरॅड्स २ आला, म्हणजे जे दिसतंय ते निरुपद्रवी आहे, पाण्याची छोटी गाठ. (० आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ फोटो पुरेसे नाहीत, अजून फोटो किंवा सोनोग्राफी लागेल. ३ ला बहुतेक सहा महिन्यांनी परत बोलावतात. ४ पासून पुढे बायोप्सीचं बोलणं.) पॅप स्मिअर पाळी संपल्यावर परत बोलावून केलं, जादा पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिते. त्याच्या रिपोर्टावर 'निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लेजन ऑर मॅलिग्नन्सी' असं लिहिलेलं, मला फक्त शेवटचा शब्द दिसला आणि परत छातीत धस्स. वाक्य निगेटिव्हने सुरू होतंय, म्हणजे चांगलंय. मॅडम म्हणाल्या, आता तीन वर्षांनी, आणि बरोबर एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या व्हायरसची, टेस्ट केलीस तर पाच वर्षांनी. शिवाय लेकीला एचपीव्हीची लस दे, नऊ ते चौदा वयात दोनच डोस लागतात, आता आपल्या पुण्याच्या सीरमचीही मिळते. ती टोचून झाली.

आणि सगळ्यात कामाची टेस्ट नवऱ्याची निघाली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१. साडेसहाला डायबेटिस म्हणतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. फोनवाल्या डॉक्टरांनी याच्यावर एक शब्द बोलला नाही, लाल होता तरी! फॅमिली डॉक्टरांनी बघताक्षणी चहातली साखर आणि रात्री साडेदहाचं जेवण बंद केलं. आता साहेब जेवून तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. ही टेस्ट कुठल्याही लॅबमध्ये चार-पाचशेत होते.

आता त्याचं खरं. फॉर्मवर प्रश्न होता, तंबाखू: हो / नाही. त्याने प्रामाणिकपणे 'हो' वर टिक केली. कॉलेजपासून तंबाखू-चुना आणि वर कातरलेली सुपारी, डाव्या गालात. सोडली, धरली, सोडली, धरली. फॉर्म चार जणांच्या हातातून गेला, रक्तातले मार्कर झाले, प्रोस्टेटचं पीएसए झालं, पट्ट्यावर नऊ मिनिटं पळवला, पण 'आ करा' असं एका माणसाने म्हटलं नाही. आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी, त्याच्यासाठी टॉर्च लागतो आणि दोन मिनिटं. 'विथ कॅन्सर स्क्रीनिंग' अशा ८३ मध्ये हे नाही. का नाही, तर टॉर्चचं बिल कसं करणार.

हे लक्षात कुणी आणून दिलं, तर आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी. त्यांच्या वस्तीत महापालिकेच्या आरोग्य केंद्राचं शिबिर होतं, आशाताईंनी नेलं होतं. मावशी सांगत होत्या, तोंड बघितलं, मिश्री लावते म्हणून ओरडले, छाती हाताने तपासली आणि खाली व्हिनेगर लावून बघितलं. मला वाटलं मस्करी करतायत. गायनॅक मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, अगं बरोबरच आहे, गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं की बिघडलेला भाग एखाद मिनिटात पांढरा पडतो, बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो. टाटाच्याच लोकांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये ट्रेनिंग दिलेल्या साध्या दहावी-बारावी झालेल्या मुलींकडून हे दीड लाख बायकांच्या अभ्यासात करून दाखवलं, २०१४ मध्ये छापून आलं, त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. छाती हाताने तपासण्याचाही त्यांचाच वीस वर्षांचा अभ्यास आहे, २०२१ चा, पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढे या तिन्ही तपासण्या फुकट आहेत. म्हणजे मावशींचं शून्य रुपयात जे झालं त्यातलं एक आमच्या साडेनऊ हजारात नव्हतं, आणि नेमकं तेच आम्हाला हवं होतं.

त्याच आठवड्यात नवऱ्याला ओढत डेंटिस्टकडे नेलं. तरुण मुलगा, राम मारुती रोडला बसतो. म्हणाला, सर तीन बोटं उभी तोंडात घाला बघू. अडीचच गेली. मग गाल बाहेर ओढून आरशाने दाखवला, आत डाव्या बाजूला रुपयाएवढा पांढरट चट्टा, पुसून न जाणारा. विचारलं, तिखट झोंबतं का हल्ली? आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. वर्षभर मामलेदारची झणझणीत मिसळ खायला गेलं की हा लाइट मागायचा आणि तरीही डोळ्यात पाणी, आम्ही म्हणायचो काय रे, ठाणेकर ना तू, वय झालं तुझं. सुपारीने तोंडातली कातडी आतून घट्ट होत जाते, म्हणून तोंड कमी उघडतं आणि तिखट सहन होत नाही. हे पूर्ण उलटं फिरत नाही, पण सुपारी-तंबाखू बंद केली तर पुढे जाणं थांबवता येतं, आणि असं तोंड असलं की कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून नजर ठेवावी लागते. चट्ट्याची बायोप्सी केली. आठ दिवस परत तेच, झोप नाही. पेशींमध्ये बिघाड नाही असा रिपोर्ट आला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि दोन आठवड्यांत न भरणारा फोड दिसला तर तारखेची वाट न बघता यायचं.

तंबाखू सोडून दोन महिने झाले. पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ वर त्याने फोन केला होता, मला न सांगता, मी नंतर कॉल हिस्ट्रीत बघितलं.

परवा सेंटरचा फोन आला. मॅम, तुमच्यासाठी अपग्रेड ऑफर आहे, ९६ टेस्ट, त्याच किमतीत. मी विचारलं, त्यात तोंड तपासता का? 'ओरल का मॅम?' हो. 'मॅम ओरल म्हणजे डेंटल पॅकेज वेगळं आहे, क्लीनिंग फ्री.'

पार्किंग नाही, रिक्षाने जा. बिल व्यवस्थित देतात, जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर चेकअपचे पाच हजारांपर्यंत वजावटीत धरता येतात, आमच्या अकाउंटंटने धरले. मॅमोग्राफीसाठी गेलात तर सकाळच्या शिफ्टलाच जा, ताई दुपारी दोनला जातात. बाकी ज्यांच्या घरात सुपारीवाला कोणी आहे त्यांनी आइस्क्रीमच्या काड्या जमवा, डेंटिस्टने आम्हाला त्याच दिल्यात, दातांच्या मध्ये एकावर एक रचून तोंड ताणायचं, रोज तीनदा, आणि किती मावल्या ते मोजायचं. पंधरापासून सुरुवात होती. काल सतरावी गेली.